टेक्ससची २४ मतं

नमस्कार श्रोतेहो. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपल्यासोबत उपाध्यक्षपदासाठी कोणाला घ्यायचं हे ठरवतो, तेव्हा जाहीरपणे एकच कारण दिलं जातं. उद्या अध्यक्षाचं काही बरंवाईट झालं, तर देश सांभाळू शकेल असा माणूस हवा. आत बसून जो हिशेब चालतो, तो बहुतेक वेळा नोव्हेंबरातल्या मतदानाचा असतो. आज १९६० सालच्या एकाच निवडीबद्दल बोलू, कारण तिच्यात हे सगळं आलं.

त्या जुलैत लॉस एंजेलिसला डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन भरलं आणि १३ तारखेला जॉन केनेडी पहिल्याच फेरीत उमेदवार ठरले. वय ४३, मॅसेच्युसेट्सचे, धर्माने कॅथलिक. कॅथलिक माणूस तोवर अमेरिकेचा अध्यक्ष झालेला नव्हता. १९२८ मध्ये अल स्मिथ या कॅथलिक उमेदवारामागे पक्ष उभा राहिला, तेव्हा हक्काच्या दक्षिणेतलीही काही राज्यं हातची गेली होती. टेक्सस त्यातलंच. पुढे १९५२ आणि १९५६ मध्येही टेक्ससने रिपब्लिकन पक्षाच्या आयझेनहॉवर यांना निवडलं. आणि टेक्ससकडे अध्यक्ष निवडणाऱ्या मंडळातली २४ मतं होती, राज्य जिंकणाऱ्याच्या पदरात सगळीच्या सगळी पडणारी.

केनेडींनी निरोप धाडला तो लिंडन जॉन्सन यांना. टेक्ससचे, सिनेटमधले बहुमताचे नेते, आदल्या दिवशीच हरलेले प्रतिस्पर्धी. गंमत बघा, केनेडींना अ‍ॅडिसनचा विकार, म्हणजे मूत्रपिंडांवरच्या ग्रंथींचा गंभीर आजार आहे, असं पत्रकारांना सांगणारी माणसं जॉन्सन यांच्याच गोटातली होती, आणि तेही अधिवेशनाच्या तोंडावर! कामगार संघटनांचे पुढारी भडकले. केनेडींचे धाकटे भाऊ रॉबर्ट तर जॉन्सन यांच्या खोलीत जाऊन 'तुम्ही माघार घ्या' असं सुचवून आले. ते कोणाच्या सांगण्यावरून गेले, यावर दोन्ही बाजूंच्या हकिकती आजही जुळत नाहीत. जॉन्सन मात्र हलले नाहीत.

का हलावं? त्यांचंही गणित पक्कं होतं. टेक्ससच्या विधिमंडळाने १९५९ मध्येच कायदा बदलून घेतला होता, त्यामुळे त्यांना त्याच निवडणुकीत सिनेटची जागाही लढवता येत होती. इकडे पडलो तरी तिकडे आहेच! शिवाय केनेडी अध्यक्ष झाले असते तर सिनेटमध्ये जॉन्सन यांचा आवाज आपोआप बसला असता. आणि तोवर सात अध्यक्ष पदावर असताना वारले होते, हे काही गुपित नव्हतं. केनेडींच्या बाजूनेही हिशेब नुसता मतांचा नव्हता. सिनेटमध्ये अडवणूक करू शकेल असा नेता आपल्याच गाडीत बसलेला बरा. आपल्याकडे त्याच वर्षी नव्या महाराष्ट्राची सूत्रं हाती घेतलेल्या यशवंतराव चव्हाणांच्या बेरजेच्या राजकारणाबद्दल आपण बोलतो. ही बेरीज त्याच जातीची.

निकाल लागला. केनेडी आणि रिपब्लिकन पक्षाचे रिचर्ड निक्सन यांच्यात देशभरात फरक सव्वा लाख मतांच्याही आत, टेक्ससमध्ये सुमारे ४६ हजार. मग सगळे म्हणू लागले, जॉन्सन यांनी टेक्सस आणलं म्हणून केनेडी जिंकले. मला हे अर्धंच पटतं. केनेडींना त्या मंडळातली एकूण ३०३ मतं होती आणि लागत होती २६९. टेक्ससची २४ वजा केली तरी २७९ उरतात. पण त्यासोबत उत्तर कॅरोलायनाची १४ आणि दक्षिण कॅरोलायनाची ८ गेली असती, तर खेळ संपला होता. एकट्या टेक्ससपेक्षा साऱ्या दक्षिणेला मिळालेला दिलासा मोठा होता, असं मला वाटतं. एरवी उपाध्यक्षाचा उमेदवार आपलं राज्य सोबत घेऊन येतो, या समजुतीला अभ्यासकांचा पाठिंबा फारसा नाही. पक्षांना ती सोडवत नाही, एवढं खरं.

२२ नोव्हेंबर १९६३ ला, तेही टेक्ससमधल्याच डॅलसमध्ये, केनेडींची हत्या झाली आणि त्याच दिवशी जॉन्सन अध्यक्ष झाले. वर्णभेदाविरुद्धचा नागरी हक्क कायदा त्यांनी १९६४ मध्ये रेटून मंजूर करून घेतला. जो माणूस दक्षिण सांभाळायला घेतला होता, त्याच्यावरच दक्षिण उलटली. त्या वर्षी जॉन्सन देशभर प्रचंड मतांनी निवडून आले, पण १९६० मध्ये केनेडींना मिळालेली जॉर्जिया, लुइझियाना आणि दक्षिण कॅरोलायना ही राज्यं त्यांच्या हातून गेली. त्या निवडणुकीत जोडीदार निवडायची पाळी त्यांची होती. त्यांनी घेतले ह्यूबर्ट हम्फ्री: उत्तरेकडच्या मिनेसोटाचे, उदारमतवादी, कामगार संघटनांचे लाडके. नमस्कार.