हिरवळीला आलेले तुरे

श्रोतेहो, नमस्कार.

गणपती गावाला गेले, पावसाने जरा उघडीप दिली, की मुंबईतल्या सोसायट्यांच्या बागांमधून एकच तक्रार ऐकू येते. "अहो, लॉन परवाच कापलं, आणि आज बघा, पुन्हा तुरे!" मुलुंडला आमच्या इमारतीच्या पुढ्यात हिरवळीचा एक तुकडा आहे. त्याची देखभाल मी बरीच वर्षं करते आहे, त्यामुळे ही तक्रार मला चांगली ओळखीची आहे. आज तिच्याबद्दलच बोलते.

आधी एक करा. खाली बसा आणि एक तुरा खुडून हातात घ्या. आपल्याकडची बहुतेक लॉन हरळीची, म्हणजे दूर्वांचीच असतात. दोऱ्यासारखी बारीक काडी, आणि तिच्या टोकाला एकाच ठिकाणाहून फुटलेली चार-पाच बोटं, छत्रीच्या उघडलेल्या काड्यांसारखी. बोटाच्या एकाच बाजूला बारीक दाण्यांच्या दोन ओळी असतात. भिंग असेल तर त्या दाण्यांमधून बाहेर आलेले जांभळे, पिसासारखे तंतू दिसतील. ते गवताचं फूल. आपण ज्याला कचरा म्हणतो तो गवताचा फुलोरा असतो, आणि पावसाच्या अखेरीला गवत फुलावर येणं अगदी स्वाभाविक आहे.

तरीही हिरवळीवर तुरे नकोसे वाटतात, आणि त्याला कारण आहे. काड्या चरचरीत लागतात, अनवाणी चालवत नाही. गवताची ताकद दाणा भरण्याकडे जाते आणि पानं विरळ होतात. ज्यांना परागकणांचा त्रास आहे त्यांना शिंका सुरू होतात, कारण हरळीचे पराग त्या बाबतीत जगभर बदनाम आहेत. मग कोणीतरी सल्ला देतं, "बुंध्याशी कापून टाका, कटकट मिटेल."

हा सल्ला आम्ही एकदा ऐकला होता. कोजागिरीला सगळ्यांना हिरवळीवर सतरंज्या टाकून दूध प्यायचं होतं, म्हणून आदल्या आठवड्यात लॉन अगदी जमिनीलगत उतरवलं. ऑक्टोबरचं ऊन मुंबईत कसं चटका देतं ते तुम्हाला सांगायला नको. आठ दिवसांत पिवळी खुंटं आणि मधूनमधून लाल माती दिसायला लागली. उघड्या मातीत लव्हाळा शिरला. आणि ज्यासाठी हा सगळा खटाटोप केला होता ते तुरे? ते त्या खुंटांवरही आले, फक्त अर्ध्या बोटाच्या उंचीवर. दूर्वेला तुम्ही कितीही खाली कापा, पात्याच्या खाली राहून ती तुरा धरतेच. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, कारण ते लॉन पुन्हा भरायला जानेवारी उजाडला.

खरा उपाय दूर्वा खुडणाऱ्या बायकांना ठाऊक असतो. एकवीस दूर्वांची जुडी बांधायची तर कोवळे कोंब लागतात, तुरा आलेली जून काडी चालत नाही. ज्या जागेवरून रोज थोडं खुडलं जातं तिथे कोवळं फुटत राहतं. त्याच जागेकडे पंधरा दिवस फिरकलं नाही, की दूर्वा ताठ होते आणि फुलावर येते. लॉनलाही हेच लागतं, थोडं आणि वारंवार. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त उतरवू नका. गवत ६ सेंटीमीटर झालं असेल तर ४ वर आणा, त्याखाली नको. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरात दर पाच-सात दिवसांनी, थंडीत पंधरा दिवसांनी कापलं तरी पुरतं.

आता पात्याबद्दल, कारण बहुतेक घोळ इथेच होतो. तुऱ्याची काडी पानापेक्षा चिवट असते. पातं बोथट असेल तर काडी कापली जात नाही, ती नुसती वाकते, आणि मशीन पुढे गेलं की पुन्हा उभी राहते. म्हणून "परवाच कापलं" आणि "आज पुन्हा तुरे" ही दोन्ही वाक्यं खरी असतात! कापल्याच्या दुसऱ्या दिवशी पानांची टोकं बघा. सरळ, हिरवी असतील तर पातं ठीक आहे. चिंधीसारखी फाटून पांढुरकी झाली असतील तर माळीदादांना पात्याला धार लावून आणायला सांगा, आणि त्याचे पैसे सोसायटीने द्यावेत, त्यांच्या पगारातून नव्हे. कापण्याआधी खराट्याने गवत उलट्या दिशेने विंचरलं तर आडव्या पडलेल्या काड्या उभ्या राहतात. एकदा उभं आणि मग आडवं, असं दोनदा मशीन फिरवलं की बहुतेक काड्या सापडतात. गवत ओलं असताना मात्र मशीन लावू नका.

एवढं करूनही तुरे थांबत नसतील, तर गवत उपाशी किंवा तहानलेलं असणार. चार महिन्यांच्या पावसाने मातीतलं नत्र वाहून गेलेलं असतं. भुकेलं गवत पानं वाढवण्याऐवजी बी धरायच्या मागे लागतं. पाऊस थांबल्यावर महिन्यातून एकदा दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया पुरे होतो. म्हणजे १०० चौरस फुटांना साधारण ९० ग्रॅम, मूठमूठ फेकायचा नाही. कोरड्या वाळूत मिसळून, पानं कोरडी असताना सारखा पसरवा आणि लगेच भरपूर पाणी द्या, नाहीतर पानं करपतात. युरिया नको असेल तर ओल्या कचऱ्याचं पूर्ण कुजलेलं खत चाळून पातळ थर द्या, परिणाम सावकाश दिसेल. पाणीही रोज शिंपडण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा, मुळापर्यंत जाईल असं द्या. स्क्रू-ड्रायव्हर बोटभर सहज रुतला तर पाणी पोचलं.

"बी पडू दे, लॉन दाट होईल," असंही काही जण म्हणतात. तसं होत नाही. हरळी पसरते ती तिच्या सरपटणाऱ्या खोडांनी. शिवाय लॉनसाठीच्या काही संकरित जातींचं बी वांझ असतं.

एक तुरा मात्र वेगळा ओळखायला हवा. बोटं जाड असतील, थेट नाचणीच्या कणसासारखी, आणि झुडुपाचा बुंधा चपटा, पांढुरका असेल, तर ती हरळी नव्हे, नाचणीचीच रानटी बहीण आहे. मांडवाचे खांब, खुर्च्या आणि मुलांचं क्रिकेट यांनी जिथे जमीन घट्ट झालेली असते, नेमकी तिथेच ती येते. एका झाडाचं बी हजारांनी पडतं, म्हणून दाणा पिकायच्या आत, पावसाने माती भिजलेली असताना मुळासकट उपटा. त्या जागी बागेचा काटा खुपसून भोकं पाडा आणि त्यात खत भरा. तिला दाणे असताना कापलेलं गवत लॉनवर राहू देऊ नका, गोळा करा आणि मशीनही झटकून घ्या.

आमच्या हिरवळीच्या एका टोकाला, कुंपणाच्या कडेला, दोन हात रुंदीची पट्टी मी मुद्दाम कापू देत नाही. कमिटीत त्यावरून वाद झाला होता, पण मी हटले नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरात तिथे तुरे डोलतात, आणि सकाळी सातच्या सुमारास ठिपकेवाल्या मुनिया येतात. चिमणीहून लहान हा पक्षी काडीला लटकतो, काडी वाकून पार जमिनीला टेकते, मग तो तिच्यावर पाय देऊन एकेक दाणा सोलतो. खालच्या मजल्यावरचा एक छोटा मुलगा शाळेची बस येईपर्यंत तिथेच उभा असतो. उरलेलं लॉन मी शनिवारी कापून घेते. नमस्कार.