खाडीच्या चिखलात रात्री कोण फिरलं? मुलांना घेऊन शोधूया

नमस्कार मंडळी! दिवाळीत पोरांना घेऊन गावी आलात की एक सकाळ खाडीसाठी ठेवा. आपल्याकडचे बरेचसे जंगली प्राणी रात्रीचे फिरतात, त्यामुळे प्राणी दिसेल असं प्रॉमिस मुलांना अजिबात करू नका, "रात्री इकडून कोण गेलं ते शोधायचंय" एवढंच सांगा, बघा कशी धावतात ती.

आता खाडीच का? तर भरतीमुळे. पाणी दिवसातून दोनदा चढतं आणि चिखल साफ पुसून टाकतं. समजा सकाळी सातला ओहोटी आहे, म्हणजे भरती रात्री एकच्या आसपास होऊन गेली, मग भरतीच्या रेषेच्या खाली जो ठसा दिसेल तो त्यानंतरचाच, आणि पाण्याच्या जितका जवळ तितका ताजा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, ठसा कालचा की परवाचा हे सांगायला जाणकार माणूस लागतो, इथे आठ वर्षांचं पोरगं टाइम सांगतं! शिवाय सकाळच्या तिरप्या उन्हात ठशात सावली पडते, सगळं उठून दिसतं. फक्त बांधावरून आणि घट्ट कडेनेच फिरा हां, खारफुटीत आत शिरलात तर गुडघाभर रुताल.

ठसा दिसला की पहिलं काम बोटं मोजायची. चार बोटं आणि पुढे नखांचे टोचे असतील तर कुत्रा नाहीतर कोल्हा. चार बोटं पण नखं नाहीत, तर मांजराच्या जातीतलं कोणीतरी. पाच बोटं दिसली तर मुंगूस असेल, पण ठसा मोठा असेल आणि बोटांमध्ये पडदा उमटला असेल तर ते पाणमांजर, ज्याला आपल्याकडे ऊद पण म्हणतात. कुत्रा आणि कोल्हा यांच्यात मात्र भले भले फसतात. कोल्ह्याच्या पुढच्या पायाच्या मधल्या दोन बोटांच्या गाद्या मागून जोडलेल्या असतात, ते बघा.

आणि आता पोरांचा सगळ्यात आवडता विषय, शी! हसू नका, माहिती तिथेच जास्त मिळते. ऊद ठरलेल्या जागी, दगडावर वगैरे, पुन्हा पुन्हा करतो आणि त्यात माशांचे खवले, कुर्लीच्या कवचाचे तुकडे चकाकतात. कांडेचोराच्या, म्हणजे फळं खाणाऱ्या मांजरासारख्या रानटी प्राण्याच्या, शीत फळांच्या अख्ख्या बिया असतात. काडीने उकरायची, हात लावायचा नाही, घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे.

एखाद्या फळझाडाखाली चोथ्याच्या गोळ्या पडल्या असतील तर ते वटवाघळाचं काम, आणि वटवाघूळ पक्षी नाही, सस्तन प्राणी आहे, हे तिथेच सांगून टाका.

चांगला ठसा मिळाला तर प्लास्टर ऑफ पॅरिस, दोन वाट्या पावडरला एक वाटी पाणी, भोवती पुठ्ठ्याची रिंग लावून ओता. अर्धा तास थांबा, मग चिखलासकटच उचला आणि घासून साफ दुसऱ्या दिवशी करा, घाई केलीत की बोटं तुटतात.