मूल झोपले की अभ्यासाला बसेन, असे म्हणणाऱ्यांसाठी

नमस्कार. आत्ता दुपारचे सव्वादोन वाजले आहेत, माझा अडीच वर्षांचा मुलगा आतल्या खोलीत झोपला आहे आणि तो उठायच्या आत हा व्हिडिओ पूर्ण होईल की नाही, हे मला ठाऊक नाही. मध्येच त्याचा आवाज आला तर तो भाग मी कापणार नाही, कारण आजचा विषय तोच आहे: घरात लहान मूल असताना अभ्यासाची जी चालढकल होते, ती नेमकी कशी होते आणि ती थोपवायची कशी.

मी साताऱ्यात राहते आणि बहिःस्थ पद्धतीने अर्थशास्त्रात एम.ए. करते आहे. ज्या साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांच्या रयत शिक्षण संस्थेने ‘कमवा आणि शिका’ रुजवले, त्या गावात काम करत शिकणे कुणाला नवे वाटत नाही. परंतु कमवण्याचे काम ठरल्या वेळी सुटते, रांगत्या किंवा नुकत्या धावू लागलेल्या मुलाचे काम कधीच सुटत नाही, हा फरक लक्षात न घेता आपण स्वतःला आळशी म्हणवून घेतो.

माझी गेल्या वर्षीची एक दुपार सांगते. मुलगा दीड वाजता झोपला. ओट्यावर भांडी पडली होती, ती घासून टाकली की मोकळ्या मनाने बसता येईल, असे वाटले. मग पावसाने दोन दिवस दमट राहिलेले कपडे दोरीवरून काढून पंख्याखाली पसरले. मग दोन मिनिटे म्हणून फोन हातात घेतला. पुस्तक उघडले तेव्हा पावणेतीन झाले होते आणि तो तीनला उठणार हे माहीत असल्यामुळे ‘एवढ्या वेळात काय होणार?’ असे म्हणून मी ते मिटून ठेवले. असे तीन महिने गेले. शेवटी सगळे स्वाध्याय मी दोन रात्रींत लिहिले, तेही मुलाला ताप असताना, एका हाताने त्याच्या कपाळावरची पट्टी बदलत.

फुशिया सिरॉइस आणि टिमोथी पिचिल या मानसशास्त्रज्ञांनी २०१३ साली असे मांडले की चालढकल हा मुळात वेळेच्या नियोजनाचा प्रश्न नसून मनःस्थितीचा आहे. समोरच्या कामामुळे जी धास्ती, कंटाळा किंवा अपुरेपणा वाटतो, त्यातून तात्पुरती सुटका म्हणून माणूस ते काम पुढे ढकलतो. मला हे पटते, मात्र घर सांभाळणाऱ्या बाईच्या बाबतीत त्याला एक जोड द्यावीशी वाटते. तिची चालढकल कामाचे रूप घेऊन येते. घासलेली भांडी लख्ख दिसतात, वाचलेले पान कुणालाच दिसत नाही. त्यामुळे मी भांडी घासत होते तेव्हा मी अभ्यास टाळत होते, असे घरातले कुणी म्हणाले नाही आणि मीही म्हणाले नाही.

(आवाज आला. कूस बदलली असावी.)

आता उपायाकडे येते. हे पाहा, ही माझी वही आणि किंमत बदलली की मागणी किती बदलते, या धड्याची तिच्यावर चिकटवलेली ही चिठ्ठी: ‘मागणीची लवचिकता. मिठाचे उदाहरण अर्धे लिहिले आहे. पुढचे वाक्य: किंमत वाढली तरी मीठ तेवढेच लागते, कारण...’ मी मुद्दाम वाक्य अर्धवट सोडते. धडा संपवून उठले की दुसऱ्या दिवशी नव्या धड्याच्या उंबरठ्यावर पंधरा मिनिटे घुटमळण्यात जातात, तर अर्धे वाक्य समोर असेल तर पेन आपोआप चालू लागते. सलग तीन तास मिळतील तेव्हाच खरा अभ्यास होतो, ही समजूत मला बाळंतपणाआधीच्या ग्रंथालयाच्या दिवसांनी लावलेली होती आणि तीच माझी सर्वांत मोठी अडचण ठरली.

दुसरी गोष्ट वेळापत्रकाची. घड्याळावर आखलेले वेळापत्रक लहान मुलाच्या घरात टिकत नाही. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी १९९९ साली ‘जर असे झाले, तर मी हे करीन’ अशा नेमक्या ठरावांची परिणामकारकता दाखवली होती. माझा ठराव असा आहे की मुलाच्या अंगावर पांघरूण घातले की मी थेट टेबलाशी जाईन. पाण्याची बाटली आधीच तिथे असते, कारण पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेले की ओटा दिसतो आणि ओटा दिसला की दुपार गेली. तो एकला झोपो वा अडीचला, ठराव मोडत नाही. फोन कपाटात असतो. फ्रान्चेस्को चिरिल्लो यांची टोमॅटोच्या आकाराच्या घड्याळावरून ओळखली जाणारी, २५ मिनिटे काम करून घंटा वाजली की थोडे थांबण्याची पद्धत पुष्कळजण सुचवतात, पण ज्यांनी ती सुचवली त्यांच्या घरात घंटेने जागे होणारे मूल नसावे.

घरच्यांकडून मदत मागताना ‘आत्या, जरा बघता का त्याला?’ असे म्हटले की त्यांना ‘जरा’ म्हणजे किती ते कळत नाही आणि आपणही दर पाच मिनिटांनी कान टवकारून बसतो. सासूबाईंना, म्हणजे आत्यांना, मी सांगितले, ‘मंगळवारी आणि शुक्रवारी चार ते साडेपाच तुम्ही त्याला घेऊन बागेत जाल का? मला पेपरचे लिहायचे आहे.’ त्या म्हणाल्या, ‘आधी नाही का सांगायचं? मंगळवारी भजन असतं, सोमवार धर.’ त्या दीड तासात मी वाचत नाही, पुस्तक मिटून प्रश्नांची उत्तरे लिहिते, कारण वाचन तुकड्यांत जमते, लेखनाला मात्र सलग बैठक लागते. नवऱ्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, म्हणून त्याचा वार आम्ही रविवारी रात्री ठरवतो.

आणि ठरवूनही एखादा दिवस वाया जातोच. मायकल वोहल, पिचिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० साली विद्यार्थ्यांचा अभ्यास केला, तेव्हा पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांची पुढच्या परीक्षेआधीची चालढकल कमी झालेली दिसली. म्हणून वाया गेलेल्या दुपारीही मी रात्री चिठ्ठी मात्र लिहिते. तिच्यावर तेच अर्धे वाक्य दुसऱ्यांदा उतरवते आणि दिवा बंद करते. मागच्या शुक्रवारी आत्या नातवाला बागेत घेऊन गेल्या, तेव्हा मी साडेपाचपर्यंत कपाटापाशी उभी राहून फोनच बघत होते. परत आल्यावर त्यांनी विचारले, ‘झालं का लिहून?’ मी म्हटले, ‘थोडं राहिलंय.’