बार कॉर्ड वाजत नाही? आधी पाचव्या फ्रेटवर या

नमस्कार. गिटार मांडीवर घेऊनच बसा, बघता बघता करायचंय.

बार कॉर्ड म्हणजे एक बोट आडवं टाकून बऱ्याच तारा एकदम दाबायचा कॉर्ड. त्यातला हा एफ मेजर. 'तर्जनीने पहिल्या फ्रेटवर (फ्रेट म्हणजे दांडीवरच्या दोन पट्ट्यांमधलं घर) सहाही तारा दाबा' असं सांगितलं जातं आणि तिथेच हाताचा जीव जातो. नीट बघा (सर्वात बारीक तार पहिली, सर्वात जाड सहावी): पाचवी आणि चौथी तार तिसऱ्या फ्रेटवर अनामिका आणि करंगळीने धरली आहे, तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर मधल्या बोटाने. मग तर्जनीकडे उरल्या किती? सहावी, दुसरी, पहिली. तीनच! मधल्या तारांवरचा जोर फुकट जातो.

(डावा हात जवळून)

तर्जनी सपाट नको. किंचित नटकडे, म्हणजे दांडीच्या टोकाला तारा टेकतात त्या खाचांच्या पट्टीकडे, कलवा, म्हणजे अंगठ्याकडची हाडाळ कड तारांवर येते. बोट फ्रेटच्या पट्टीला जवळजवळ चिकटून हवं. आता एकेक तार छेडा. दुसरी तार 'ठप्प' वाजतेय? ती पेराच्या घडीत बसली असणार. जोर वाढवू नका, बोट दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली सरकवा. बघा, लागली.

अंगठा नेकच्या (दांडीच्या) मागे, साधारण मधल्या बोटासमोर. कोपर बरगड्यांजवळ, खांदा सैल. चिमटा काढल्यासारखं दाबायचं नाही. हाताच्या वजनानेच नेक मागे ओढला जाऊ द्या. अंगठ्याच्या मुळाशी कळ आली तर लगेच थांबा.

आणि कृपा करून पहिल्या फ्रेटपासून सुरुवात करू नका. तिथे नट अगदी शेजारी असतो, म्हणून तार ताठ लागते, फ्रेटही रुंद. हाच आकार पाचव्या फ्रेटवर धरा, ए मेजर झाला. तो स्वच्छ वाजला की चौथा, तिसरा, दुसरा, असं एकेक घर खाली या. पाच मिनिटं सराव, मग हात झटका.

एवढं करूनही फक्त पहिल्याच फ्रेटवर अडतंय? मग गिटार तपासा. सहावी तार तिसऱ्या फ्रेटवर दाबा आणि पहिल्या फ्रेटवरची फट बघा. कागदाएवढी असेल तर ठीक. ठळक फट दिसली तर नट उंच आहे. तो कारागिराकडूनच घासून घ्या. जास्त घासला गेला तर मोकळी तार फडफडते.

आपल्या इंदुरात आणखी एक भानगड आहे. मे महिन्यातली कोरडी हवा गेली आणि पाऊस लागला की लाकूड ओल धरतं, गिटारचं पोट फुगतं, तारा उंच होतात. उन्हाळ्यात सहज वाजणारा कॉर्ड श्रावणात जड जातो, आणि गणपतीच्या कार्यक्रमाच्या तालमी नेमक्या तेव्हाच! बोटांना दोष देऊ नका. गिटार पेटीत बंद ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

तालीम उद्यावर आली आणि एफ बसला नसेल, तर छोटा एफ घ्या. तर्जनी फक्त पहिल्या दोन तारांवर पहिल्या फ्रेटला, मधलं बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, अनामिका चौथ्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला. पाचवी-सहावी छेडायचीच नाही.