पावणेदोन पायलीत अधोल्या किती?

(दृश्य: परभणी जिल्ह्यातलं एक अध्यापक विद्यालय. फळ्यावर भागाकार.)

पावणेदोन भागिले अर्धा. मिनिटभरात सगळ्यांच्या वह्यांत उत्तर आलं: साडेतीन. दुसरा अपूर्णांक उलटा करायचा आणि गुणायचं.

मॅडम विचारतात, "उलटा कामून करायचा?"

वर्ग गप्प.

दोन वर्षांची डी.एल.एड. ही शिक्षकांची पदविका झाली की ही मुलं-मुली पहिली ते पाचवीच्या वर्गांवर जातील. इथं बारावीनंतर कुठल्याही शाखेतून प्रवेश मिळतो. कला शाखेतून आलेल्या कित्येकींचं गणित दहावीलाच सुटलेलं असतं. पुढं शिक्षक पात्रता परीक्षा आहेच. पहिल्या पेपरात १५० पैकी ३० गुण गणिताचे. त्यामुळं सगळा जोर पटापट उत्तर काढण्यावर. चौथीतलं पोर "असं का?" म्हणेल तेव्हा काय सांगायचं, ही तयारी मागं पडते.

हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. नेमका हाच भागाकार लिपिंग मा या संशोधिकेच्या अभ्यासात अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना विचारला होता. १९९९ साली तो अभ्यास पुस्तकरूपानं आला. अमेरिकेतल्या २३ शिक्षकांपैकी पूर्ण बरोबर उत्तर ९ जणांचं. आणि या भागाकाराला शोभेल असं गोष्टीतलं उदाहरण रचा म्हटल्यावर, ते बरोबर जमलं एकालाच.

(दृश्य: टेबलावर पितळी मापं, सुपात ज्वारी.)

मानवतकडची एक मुलगी आजीकडून पायली आणि अधोली घेऊन आली आहे. मेट्रिक मापं येऊन साठेक वर्षं झाली. मोंढ्यात आता क्विंटलचा भाव चालतो, पण घराच्या कोनाड्यात पायली अजून आहे. चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली.

पावणेदोन पायली ज्वारी, म्हणजे सात शेर. मुलगी अधोली भरून ओतते आणि आजीसारखी, एकाला लाभ म्हणत, मोजते: लाभ... दोन... तीन. सुपात एक शेर उरतो.

तेवढ्यात मागच्या बाकावरून प्रश्न येतो, "मॅडम, उरली तर पाव पायली हाय. मग उत्तरात अर्धा कुठून आला?"

आम्ही या वर्गात तीन दिवस चित्रीकरण केलं. त्यात याहून मोलाचा प्रश्न आम्हाला ऐकायला मिळाला नाही.

मॅडम उत्तर देत नाहीत. उरलेली ज्वारी आधी पायलीत ओततात, मग अधोलीत. पायलीत ती तळाशी, पाव भाग. अधोलीत निम्म्यावर. ज्वारी तेवढीच आहे, माप बदललं. अधोलीनं मोजायला बसलो की एकक अधोली होतं, म्हणून उरलेला शेर अर्धा. आणि एका पायलीत दोन अधोल्या बसतात, म्हणून पावणेदोनला दोनानं गुणायचं. उलटं करण्यामागं एवढंच आहे.

मराठीत हे गणित बोलण्यातच मुरलेलं आहे. सव्वा, दीड, अडीच. पावणेदोन म्हणजे दोनाला पाव कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. पावकी, निमकी, दिडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढे पाठ असलेली म्हातारी माणसं गावात अजून भेटतात.

हीच भाषा कधी लहानग्यांना अडवतेही. सत्तावीस म्हणताना तोंडात आधी सात येतो, लिहिताना मात्र आधी दोन लिहायचा असतो, आणि पोर बहात्तर लिहून मोकळं होतं. २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस सात' असं वाचनही आलं, तेव्हा महाराष्ट्रभर वाद झाला. कुठलं वाचन बरं, यावर मतं वेगळी असू द्यात. पण लेकरू अडखळतं ते नेमकं कुठं, हे शिक्षकाला माहीत पाहिजेच.

(दृश्य: जिल्हा परिषदेची शाळा, दुसरीचा वर्ग. सराव पाठ.)

मानवतची तीच मुलगी आज शिकवते आहे. पाटीवर बावन्न वजा सत्तावीस. एका पोरानं पस्तीस लिहिलंय. तिनं फुली मारली नाही.

"कसं काढलंस रे?"

"सातातून दोन गेले पाच. पाचातून दोन गेले तीन."

ती दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे मांडते, बाजूला दोन सुट्या काड्या.

"यातल्या सात काड्या दे बरं मला."

तो दोन सुट्या काड्या उचलतो. थांबतो. तिच्याकडं बघतो. मग एक गठ्ठा पुढं ओढतो आणि त्याचं रबर सोडायला लागतो.