महामारी आणि विद्यमान राष्ट्राध्यक्षाची फेरनिवडणूक

मित्रहो, अमेरिकेत विद्यमान राष्ट्राध्यक्षाला हरवणे सोपे नसते. दुसऱ्या महायुद्धानंतर २०२० च्या निवडणुकीपूर्वी मतदारांनी अशा तिघांनाच घरी बसवले होते : १९७६ मध्ये जेराल्ड फोर्ड, १९८० मध्ये जिमी कार्टर आणि १९९२ मध्ये थोरले जॉर्ज बुश. या तिन्ही पराभवांचे विवेचन करताना महागाई, बेकारी आणि मंदी यांचाच उल्लेख आधी होतो. नोव्हेंबर २०२० मध्ये जो बायडन यांच्याकडून हरलेले डोनाल्ड ट्रम्प हे चौथे. त्यांच्या बाबतीत फेब्रुवारी २०२० मध्ये बेकारीचा दर अवघा ३.५ टक्के होता. एप्रिलमध्ये तो १४ टक्क्यांच्या वर गेला. त्यामुळे कोरोनाने अर्थव्यवस्था बुडवली आणि तिने राष्ट्राध्यक्षांना बुडवले, असे सरसकट सांगितले जाते. मला हे उत्तर अपुरे वाटते.

मार्चअखेरीस अमेरिकी काँग्रेसने सुमारे दोन लाख कोटी डॉलरहून मोठे मदतपॅकेज मंजूर केले आणि कोट्यवधी नागरिकांना १,२०० डॉलरपर्यंतची रक्कम मिळाली. टपालाने गेलेल्या धनादेशांवर तर ट्रम्प यांचे नावही छापलेले होते. शिवाय अर्थव्यवस्था हाच आपल्यासाठी सर्वांत महत्त्वाचा मुद्दा आहे, असे मतदानानंतरच्या पाहणीत सांगणाऱ्यांपैकी बहुसंख्यांनी ट्रम्प यांनाच मत दिले होते.

संकटकाळी लोक सत्ताधाऱ्याभोवती एकवटतात, हा अनुभव जुना आहे. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर धाकट्या बुश यांच्या कामाला पसंती देणाऱ्यांचे प्रमाण गॅलप या जनमत चाचणी संस्थेच्या पाहणीत ९० टक्क्यांवर पोहोचले. साथीच्या काळातही एप्रिल २०२० मध्ये दक्षिण कोरियातील सत्ताधारी पक्षाने संसदेत मोठे बहुमत मिळवले, आणि ऑक्टोबरमध्ये न्यूझीलंडमध्ये जॅसिंडा आर्डर्न यांच्या पक्षाला स्वबळावर सत्ता मिळाली. ट्रम्प यांचा आकडा मात्र मार्चमध्ये ४९ टक्क्यांपर्यंत गेला आणि लवकरच खाली आला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणाची गुरुकिल्ली इथे आहे. एकवटण्याचा लाभ मिळायचा, तर विरोधी पक्षाच्या मतदारालाही हा आपला राष्ट्राध्यक्ष आहे असे काही काळ तरी वाटावे लागते. चाचण्यांच्या विलंबाबद्दल विचारले असता १३ मार्च रोजी ट्रम्प यांनी जबाबदारी साफ नाकारली. पुढे मास्कवरून आणि निर्बंधांवरून ते स्वतःच्याच आरोग्यतज्ज्ञांशी विसंगत बोलत राहिले. विषाणू कोणी आणला नव्हता हे मतदाराला समजत होते, पण आपल्या काळजीची दखल कोणी घेतो आहे का, हे तो बारकाईने पाहत होता. ज्यांच्या घरातली माणसे गेली, त्यांच्यासाठी हा प्रश्न राजकारणाच्या पलीकडचा होता, आणि त्याची चर्चा करताना आपणही याचे भान ठेवले पाहिजे.

२ ऑक्टोबरला ट्रम्प यांना स्वतःलाच लागण झाल्याचे जाहीर झाले, १५ तारखेची नियोजित वादचर्चा रद्द झाली, आणि प्रचारात जो विषय मागे पडावा असे त्यांना वाटत होते तोच अखेरच्या महिन्यात अग्रभागी आला.

तरीही परिणामाचे मोजमाप जपून करावे लागते. ट्रम्प यांची मते २०१६ च्या तुलनेत सुमारे एक कोटी दहा लाखांनी वाढली, म्हणजे त्यांचा पाया ढासळला नव्हता. बायडन यांना देशभरात ७० लाखांहून अधिक मतांची आघाडी मिळाली, पण ॲरिझोना, जॉर्जिया आणि विस्कॉन्सिन या तीन राज्यांतील आघाड्यांची बेरीज ४४ हजारांच्याही आत होती. ही राज्ये उलटली असती, तर राज्यवार निकालांनुसार राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या निर्वाचक मंडळात २६९–२६९ अशी बरोबरी झाली असती. एवढ्या निसटत्या फरकात महामारी निर्णायक ठरली असे म्हणता येते, तसेच इतर अनेक कारणांविषयीही म्हणता येते.

महामारीने मतदानाचे वेळापत्रकही बदलले, याकडे मात्र पुरेसे लक्ष दिले जात नाही. टपालाने किंवा मुदतीपूर्वी केंद्रावर जाऊन १० कोटींहून अधिक लोकांनी ३ नोव्हेंबरच्या आधीच मत दिले होते. फायझरने लस परिणामकारक असल्याची घोषणा ९ नोव्हेंबरला केली. ती आठवडाभर आधी झाली असती तर निकाल फिरला असता, असा ट्रम्पसमर्थकांचा दावा असतो. परंतु तोवर बहुसंख्य मतदारांचा निर्णय पेटीत बंद झालेला होता, आणि अखेरच्या आठवड्यातील कोणतीही बातमी त्यांच्यापुरती उशिराचीच ठरली असती.