नळी सगळ्यात शेवटी

(ठाण्यात घंटाळीजवळ झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन, थोडी काटछाट करून)

नमस्कार मंडळी. माईक नको, आवाज पोचतोय ना शेवटपर्यंत? ठीक.

विषय आहे रेल्वे तोफेचं मॉडेल, तयार भागांचं किट न घेता शून्यापासून बांधायचं. ठाणेकरांना रेल्वेचं कौतुक मी वेगळं काय सांगणार, १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून सुटलेली पहिली गाडी इथेच येऊन थांबली आणि त्यावर आपण अजून मिरवतोय. पण त्यानंतर नऊच वर्षांनी, जून १८६२ मध्ये, अमेरिकेतल्या यादवी युद्धात दक्षिणेकडच्या सैन्याने व्हर्जिनियात एका उघड्या वॅगनवर आरमारी तोफ चढवली, पुढे लोखंड मारलेली तिरकी ढाल लावली आणि मागून इंजिनाने ढकलत ती लढाईत नेली. म्हणजे रेल्वे नवी नवी होती तेव्हाच हा उद्योग सुरू झालेला.

कारण सोपं आहे. खूप जड तोफ रस्त्याने जात नाही, चिखलात रुतते, पूल मोडतात. रूळ मात्र वजन वाहायलाच टाकलेले असतात. पहिल्या महायुद्धात तर युद्धनौकांच्या आणि किनाऱ्यावरच्या मोठमोठ्या तोफा होत्याच, फ्रेंचांनी त्यातल्या कितीतरी उचलून डब्यांवर बसवल्या, आणि ऑक्टोबर १९१६ मध्ये व्हर्दांजवळचा दुओमोंचा किल्ला परत घेताना त्यांनी ४०० मिलिमीटरच्या रेल्वे हॉवित्झर वापरल्या.

आता मॉडेलवाल्यांची एक खोड सांगतो. रेल्वे तोफ बांधायची म्हटलं की माणूस आधी नळी बनवतो. लांबलचक, देखणी, घरच्यांना दाखवता येते. आणि मग खाली जे काही करायचं ते त्या नळीला ठेवायचं फडताळ असल्यासारखं उरकतो. माझं म्हणणं उलट आहे, रुळापासून वर या आणि नळी सगळ्यात शेवटी करा, कारण ही तोफ म्हणजे मुळात एक रेल्वेचा डबा आहे आणि वजन कुठून कुठे जातं हे एकदा कळलं की कुठला भाग जाड हवा, कुठे रिव्हेट, म्हणजे पत्रे जोडणारे खिळे, दाट हवेत, कुठे काय मोकळं हवं, हे फोटोत नीट दिसत नसलं तरी तुम्हाला कळतं.

मला नेहमी विचारतात, जर्मनांची ती अवाढव्य रेल्वे तोफ, गुस्ताव, का नाही बांधत? ८० सेंटिमीटर व्यास, १३५० टन वजन, जून १९४२ मध्ये सेवास्तोपोलवर डागली, सगळ्या जगाला माहीत. खरं सांगू का, मला ती कंटाळवाणी वाटते. ४० एक्सल, म्हणजे एका एक्सलवर तेहतीस टनांच्या वर, आपल्या भरलेल्या मालगाडीचा एक्सल लोड बावीस-तेवीस टन असतो, तर विचार करा. त्यामुळे तिला शेजारी शेजारी दोन रूळमार्ग खास टाकावे लागले आणि हजारो माणसं राबली, आणि एवढं करून पन्नासच्या आत गोळे. मग ती रेल्वेची लवचिकता गेलीच ना. जर्मनांचीच के-५ बघा, २८३ मिलिमीटर, २१८ टन, १२ एक्सल, म्हणजे एक्सलला साधारण अठरा टन, नेहमीच्या मजबूत लाईनवर चालणार आणि मारा ६४ किलोमीटर, इथून डागली तर गोळा खोपोली ओलांडेल. हे इंजिनिअरिंग. पण के-५ ची किट १:३५ मध्येही, म्हणजे खऱ्याच्या पस्तिसाव्या हिश्श्याच्या मापात, मिळतात आणि १:७२ मध्येही, मग शून्यापासून कशाला करायची.

म्हणून मी घेतली अमेरिकन नेव्हीची १४ इंची. हिची गोष्ट मजेशीर आहे. जर्मन लांब पल्ल्याच्या तोफा डंकर्कवर मारा करत होत्या, त्यांना उत्तर म्हणून नेव्हीने ठरवलं की युद्धनौकांसाठी बनवलेल्या जादा १४ इंची तोफा डब्यावर चढवायच्या. डबे बनवले बाल्डविनने, तीच इंजिनं बनवणारी कंपनी. १९१८ च्या उन्हाळ्यात सुट्या भागांत जहाजाने फ्रान्सला सें-नाझेरला नेऊन तिथे जोडल्या, पाच तोफा, प्रत्येकीची आपली आख्खी गाडी, दारूगोळ्याच्या वॅगन, राहायचे डबे, क्रेन. चालवणारे सगळे नेव्हीचे खलाशी, त्यांच्यावर रिअर ॲडमिरल प्लंकेट. समुद्रावरची माणसं मैलोन्मैल आत जमिनीवर, रुळावर. सप्टेंबरमध्ये कोंपिएन्यच्या जंगलातून मारा सुरू झाला आणि पुढे मोंमेदी, लोंग्वियों अशा जंक्शनांवर, म्हणजे रेल्वेने रेल्वेच तोडायची. आणि त्याच जंगलात नोव्हेंबरमध्ये ज्या डब्यात युद्धबंदीचा करार झाला ना, तो डबा उभा होता ती सायडिंगसुद्धा रेल्वे तोफांसाठीच टाकलेली होती.

(श्रोत्यांतून: पॅरिस गन म्हणजे हीच का?) नाही नाही. ती जर्मनांची, मार्च १९१८ पासून पॅरिसवर शंभरावर किलोमीटरवरून मारा करणारी, नेली रेल्वेने पण डागली पक्क्या बैठकीवरून. त्या वर्षीच्या गुड फ्रायडेला तिचा गोळा सें-जेर्व्हे चर्चवर पडला आणि प्रार्थनेला जमलेली ऐंशीहून जास्त माणसं गेली. हेही लक्षात असू द्या, आपण हौसेने रंगवतो त्या वस्तू कशासाठी होत्या ते.

बरं, मापं. नेव्हीने या तोफांवर १९२२ मध्ये एक अहवाल छापला, तो नेटवर फुकट आहे, फोटो आहेत. एक प्रत्यक्ष तोफ वॉशिंग्टन नेव्ही यार्डात उभी आहे, तिचे लोकांनी काढलेले जवळून फोटो मिळतात. फोटोवरून माप काढायचा नियम एकच, जे मोजायचं त्याच प्रतलात एक ओळखीचं माप हवं. समोरून काढलेल्या फोटोत रुळांची रुंदी १४३५ मिलिमीटर, नळीच्या तोंडाशी भोक ३५६. पण तोंड पुढे असतं आणि चाकं मागे, तेव्हा एकाच्या मापाने दुसरं मोजलं की घोळ. आणि कृपा करून आपल्या लोकलचे रूळ बघून अंदाज बांधू नका, आपला ब्रॉड गेज १६७६ आहे. १:३५ ला भागलं तर स्टँडर्ड गेज येतो ४१ मिलिमीटर आणि आपला जवळजवळ ४८, मॉडेलमध्ये हा फरक लगेच डोळ्यात येतो. बघायचेच असतील तर बेलापूर-पेंधर मेट्रोचे बघा, ते स्टँडर्ड आहेत.

१:३५ का, तर या मापात माणसं तयार मिळतात, पाच सेंटिमीटरच्या आत-बाहेरची, आणि शेजारी माणूस उभा केल्याशिवाय या तोफेचा आकार कोणाच्या डोक्यात शिरत नाही.

आता मुख्य काम, दोन बाजूंचे गर्डर. सनबोर्ड वापरू नका, आत फोम असतो, कड धारदार राहत नाही. एमडीएफ पावसाळ्यात फुगतं. हिप्सची, म्हणजे एका कडक प्लॅस्टिकची, शीट घ्या, फलकवाल्यांकडे मिळते, एक मिलिमीटरची, दोन थर चिकटवून. त्यावर रिव्हेटची पातळ शीट वेगळी. ती कशी करायची ते जवळून बघा, हे फिरवतो, हातात घ्या. जांभळी नाक्यावर शिवणकामाच्या दुकानात ट्रेसिंग व्हील मिळतं, दातेरी चाक, टेलर कापडावर खुणा करायला वापरतात ते. पाव मिलिमीटरची शीट कटिंग मॅटवर उलटी ठेवायची, स्टीलची पट्टी धरायची आणि चाक एकाच दाबाने ओढायचं, सुलट केलं की बारीक उठावाची ओळ. खऱ्या रिव्हेटमधलं अंतर ७५ ते १०० मिलिमीटर धरलं तर आपल्याकडे दोन ते तीन मिलिमीटर, तेव्हा दात्यांचं अंतर दुकानातच मोजून घ्या, दुकानदार विचित्र नजरेने बघेल, बघू दे.

पण ओळी सगळीकडे सारख्या मारायच्या नाहीत, इथेच बरेच जण चुकतात. तोफेचा सगळा भार कानांवर येतो, म्हणजे नळीच्या दोन्ही बाजूंच्या त्या खुंट्यांवर, तिथून गर्डरमध्ये, गर्डरमधून दोन्ही टोकांच्या बोग्यांवर, म्हणजे खालच्या चाकांच्या गाड्यांवर, आणि मग १२ एक्सलवर. प्लेट गर्डर मधे वाकायला बघतो पण टोकांच्या टेकूजवळ त्यात शिअर, म्हणजे कातरीसारखा कापणारा ताण, जास्त असतो, म्हणून तिथे रिव्हेट जवळ जवळ आणि उभ्या पट्ट्याही दाट. कुठल्याही जुन्या रेल्वे पुलाखाली उभं राहून वर बघा, हेच दिसेल. आणि भार हा काही कागदावरचा मुद्दा नव्हता हं, नेव्हीलाच १२ एक्सल कमी वाटले, या डब्याच्या पुढच्या आवृत्तीत, मार्क टू मध्ये, २० केले.

चाकं २४. एक मन लावून करा, सिलिकॉनचा साचा घ्या, बाकीची रेझिनमध्ये ओता. यावर जास्त बोलत नाही, व्हिडिओ ढिगाने आहेत. आपल्या हवेबद्दल मात्र बोलतो, कारण ते व्हिडिओ कोरड्या देशांतले असतात. जुलैत फेविक्विक लावलं की शेजारी राख धरल्यासारखा पांढरा थर उमटतो, आणि लॅकर मारला तर रंगावर दुधट झाक येते, हवेतली वाफ ओल्या थरावर बसते म्हणून. पावसाळ्यात कापाकापी आणि रिव्हेट करा, रंग दिवाळीनंतर.

मग बेस. या तोफेला १५ अंशांपर्यंत रुळावरून डागता यायचं, त्याच्या वर नळी उचलली की धक्क्याने मागे येणारी ब्रीच, म्हणजे नळीचं मागचं टोक, खाली स्लीपरला आपटली असती, म्हणून खाली खड्डा खणून पक्की बैठक करायचे. त्यामुळे नळी आभाळाकडे रोखलेली आणि खाली सपाट खडी असं मॉडेल दिसलं की ते चूक आहे, बिनधास्त सांगा. दुसरी गोष्ट, डावा-उजवा नेम. के-५ ला डब्यावर बाजूला जेमतेम १ अंश वळता यायचं, मग एकतर फिरता पाट किंवा वळणाचा रूळ, ज्यावर गाडी पुढे-मागे करून नेम साधायचा. समजा वळणाची त्रिज्या २०० मीटर, तर १ अंशासाठी साडेतीन मीटर सरकायचं. १:३५ मध्ये तेच वळण मीटरभर लांबीच्या बेसवर मधे २२ मिलिमीटरचा बाक देतं. एवढासा बाक, पण तो दिला की बघणारा विचारतो रूळ वाकडा का, आणि तुम्हाला बोलायला विषय मिळतो. शोकेसमध्ये सगळे सरळ रूळ टाकतात, ते मला पटत नाही.

आणि आता नळी. ५० कॅलिबर, म्हणजे भोकाची लांबी ५० गुणिले १४ इंच, १७.७८ मीटर, आपल्याकडे ५०८ मिलिमीटर आणि भोक १० मिलिमीटर. ॲल्युमिनियमचा रॉड घेऊन वागळे इस्टेटमध्ये लेथवाल्याकडे जा, ड्रॉइंग नीट मापं घालून द्या, आणि त्याला आधीच सांगा की निमुळती एकसारखी करायची नाही, पायऱ्या ठेवायच्या. तो गुळगुळीत करून देण्यात इमान मानतो, त्यामुळे दोनदा सांगा. या तोफा एका ओतीव तुकड्याच्या नसत, आतल्या नळीवर तापवून फुगवलेली पोलादी कडी सरकवायची, थंड होताना ती आवळून बसायची, त्यावर पुढची. बाहेरून पायऱ्या दिसतात त्या या कड्यांच्या कडा. भोक मात्र तोंडापासून दोन-तीन सेंटिमीटर खोल पुरे, आत कोण बघतंय.

(प्रश्न: थ्रीडी प्रिंट का नाही?) करा की. चाकं, स्प्रिंगा, एक्सल बॉक्स, प्रिंटच करा, हातात जीव उरेल. गर्डर मात्र करू नका. एवढी लांब सपाट भिंत घरच्या प्रिंटरवर एका तुकड्यात मावत नाही, तुकडे जोडले की सांधे भरा आणि घासा, आणि घासताना त्या सांध्यावरचे रिव्हेट जातात, मग ते पुन्हा एकेक करून लावत बसा. शीट कापून निम्म्या वेळात होतं.